गंजलेल्या गाडीची दुरुस्ती

अमेरिकेच्या उत्तर भागांत, पंचमहासरोवरांच्या कांठच्या मिशिगन, ओहायो, विस्कॉन्सिन इत्यादि राज्यांत, मार्च-एप्रिलच्या सुमारास बर्फ वितळूं लागलें कीं पुष्कळ घरांच्या अंगणांत एक दृश्य दिसतें. घरचा मालक थंडीभर राबलेल्या आपल्या जुन्या गाडीभोवतीं फिरत असतो. बाजारांत माठ घेतांना गृहिणी जशी बोटानें ठोकून पाहते, तसा तो दाराखालच्या पत्र्यावर हातोडीनें हलकेच ठोके देतो आणि कान देऊन ऐकतो. आवाज खणखणीत आला तर त्याचा चेहरा खुलतो. बद्द आवाज आला तर तो गुडघे टेकून खालीं वांकतो व पेंचकसाचें टोक तेथें दाबून पाहतो. आणि पुष्कळदां तें टोक ओल्या पुठ्ठ्यांतून जावें तसें पत्र्यांतून आरपार जातें.

या गाडीला तिकडे ‘पिकअप’ म्हणतात. पुढें दोघातिघांना बसण्यापुरती केबिन आणि मागें माल टाकण्यासाठीं उघडा हौदा, एवढेंच तिचें स्वरूप. १९२५ सालीं फोर्ड कंपनीनें आपल्या ‘टी’ मॉडेलच्या मोटारीवर असा हौदा कारखान्यांतच बसवून ती २८१ डॉलरांना विकावयास काढली. आणि तेव्हांपासून तेथील शेतकरी, सुतार, गवंडी यांच्या संसारांत या गाडीला आपल्याकडील बैलगाडीचें स्थान प्राप्त झालें. १९४७ सालीं शेव्हरलेट कंपनीनें महायुद्धानंतरचा आपला नवा नमुना बाजारांत आणला व तो १९५५ पर्यंत निघत होता. त्या नमुन्याच्या गाड्या आजहि हौसेनें जतन केलेल्या आढळतात. आजोबांनीं घेतली, वडिलांनीं चालविली आणि नातू ती पुन्हां उभी करूं पाहत आहे, अशी त्यांपैकीं कित्येकांची वंशावळ असते. यंत्र झिजलें तर बदलतां येतें. चाकें बदलतां येतात. परंतु गाडीचें अंगच गंजून गेलें तर पत्रा दुरुस्त करावा, नवा घालावा, कीं गाडीचा नाद सोडावा, हा प्रश्न अशा घरांत खर्चाचा तर असतोच; शिवाय तो गाडींत बसणाऱ्या माणसांच्या जिवाचाहि असतो.

हा गंज एवढ्या त्वरेनें कां चढतो, तें प्रथम पाहिलें पाहिजे. रस्त्यावरचें बर्फ वितळावें म्हणून त्या थंड प्रदेशांत रस्त्यांवर मीठ टाकतात. साधें पाणी शून्य अंशावर गोठतें. पण त्यांत पुरेसें मीठ मिसळलें तर तें उणें २१ अंशांपर्यंतहि द्रवरूप राहूं शकतें. १९४१-४२ च्या हिवाळ्यांत न्यू हॅम्पशायर राज्यानें रस्त्यांवर मीठ टाकण्याचें सरसकट धोरण प्रथम अंगीकारलें व महायुद्धानंतर इतर राज्यांनींहि तोच मार्ग धरला. आज अमेरिकेंत दरवर्षीं कोट्यवधि टन मीठ रस्त्यांवर पडतें. मोटारींचें माहेरघर जें डेट्रॉइट शहर, त्याच्या पोटांतच सुमारें १,२०० फूट खोल मिठाची प्रचंड खाण आहे. ज्या राज्यांत गाड्या घडल्या त्याच राज्याच्या भूमींतून निघणारें मीठ त्यांना खातें, असा हा योग आहे. मिठामुळें चाकें घसरत नाहींत व अपघात टळतात, हेंहि खरें. पण त्याची किंमत पत्र्याला मोजावी लागते.

लोखंड गंजण्यास पाणी लागतें आणि हवेंतील प्राणवायूहि लागतो, हें शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु गंज नेमका कोठें खातो, ही गोष्ट इतकी सरळ नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत केंब्रिज येथील शास्त्रज्ञ यू. आर. इव्हन्स यांनीं एक साधा प्रयोग केला. चकचकीत पोलादी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवा सहज पोंचते. मध्यभागीं ती कमी पोंचते. साहजिक तर्क असा, कीं जेथें हवा अधिक तेथें पत्रा अधिक गंजावा. घडलें तें उलट. लोखंड विरघळूं लागलें तें मध्यभागीं, कडेचा पत्रा शाबूत राहिला, आणि तांबडा गंज या दोहोंच्या मध्यें वलयासारखा जमला. म्हणजे थेंबाच्या दोन भागांत एक सूक्ष्म विद्युत्‌घटच तयार झाला होता, आणि मीठ पाण्याला विजेचें चांगलें वाहक बनवीत असल्यामुळें तो जोरानें चालत होता. गंज दिसतो एकीकडे आणि पत्रा खाल्ला जातो दुसरीकडे, हें या प्रयोगाचें तात्पर्य जुन्या गाडीच्या मालकानें गांठीं बांधून ठेवण्यासारखें आहे. जेथें ओल आहे पण वारा नाहीं, तीच जागा आंतून पोखरली जाते.

मिठाचा दुसराहि एक दुर्गुण आहे. पावसाळ्यांत मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या घरांतून मिठाच्या बरणीला पाणी सुटतें, हा गृहिणींचा नित्याचा अनुभव आहे. हवेंतील दमटपणा शेंकडा ७५ च्या सुमारास गेला कीं मीठ हवेंतील पाणी ओढून घेतें. गाडीच्या सांध्यांत एकदां मीठ शिरलें म्हणजे पाऊस थांबला, बर्फ गेलें, तरी तेथली ओल सहजासहजीं जात नाहीं. त्यांतून गंजाचें आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्यामुळें तो दोन पत्र्यांमधील सांधा पाचरीसारखा फांकवतो, आणि त्या फटींत आणखी पाणी शिरतें.

आतां गाडीच्या अंगाची रचना पाहिली म्हणजे रोग कोठें बसतो तें कळून येतें. केबिनच्या दाराखालीं एक आडवी पट्टी असते. घराच्या भाषेंत तो गाडीचा उंबरठाच होय. बाहेरून ती एका पत्र्याची दिसते, पण आंतून ती पोकळ असते. पावसाचें पाणी दाराच्या कांचेच्या फटींतून आंत उतरतें व दाराच्या तळाच्या बारीक छिद्रांतून खालीं गळून जातें, अशी कारखानदाराची योजना असते. उंबरठ्यालाहि अशींच छिद्रें असतात. पण वर्षानुवर्षें धूळ, पालापाचोळा व चिखल सांचून तीं बुजतात, आणि पोकळ उंबरठ्याचें बंद गटार होतें. केबिनच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांचीहि हीच अवस्था. पुढच्या चाकांनीं उडविलेला खारा चिखल मडगार्डच्या मागच्या भागांत लिंपला जातो आणि तेथेंच मुरतो. पायांखालचा पत्रा रबरी चटईखालीं झांकलेला असतो. बुटांबरोबर आलेलें बर्फ तेथें वितळतें व चटईखालीं ओल धरून बसतें. थोडक्यांत, जीं ठिकाणें डोळ्यांआड आहेत तींच प्रथम जातात. वरच्या रंगावर फोड दिसूं लागतो तेव्हां आंतला पत्रा बहुधा संपलेला असतो.

अशा फोडावर जो सर्वांत स्वस्त इलाज केला जातो, तोच सर्वांत घातक आहे. रंगारी ज्याला लांबी म्हणतात तशाच जातीचा, पण रासायनिक राळेचा, एक लगदा बाजारांत मिळतो. भोकांत जाळी किंवा कागदाचा बोळा कोंबावयाचा, वर हा लगदा थापावयाचा, कांचकागदानें घासून सारखा करावयाचा आणि रंगाचे दोन हात मारावयाचे. एका दिवसांत गाडी नव्यासारखी दिसते. पण लगद्याच्या मागें गंज तसाच असतो, ओल तशीच असते. उलट हवेचा उरलासुरला मार्गहि बंद झालेला असतो. एखाद-दुसऱ्या हिवाळ्यानंतर फोड पुन्हां वर येतो व या वेळीं तो पूर्वींहून मोठा असतो.

गाडी स्वतःच्याच घरीं राहणार असेल तर यांत मालकाचे पैसे बुडतात, एवढेंच. पण अशा गाड्या पुष्कळदां विकण्यासाठींच रंगविल्या जातात, आणि तेथें गोष्ट निराळी होते. उंबरठा व तळाचा पत्रा हे केबिनला ताठपणा देणारे भाग आहेत. केबिन ज्या ठिकाणीं सांगाड्याला बोल्टांनीं जखडलेली असते, त्या बैठका कुजल्या असतील तर अपघाताच्या धक्क्यांत केबिन सांगाड्यावरून सुटूं शकते. तळाला भोकें असतील तर यंत्राचा धूर आंत शिरतो; त्यांतील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंगहि नाहीं व वासहि नाहीं, आणि कडाक्याच्या थंडींत कांचा तर घट्ट लावलेल्या असतात. जो मनुष्य असें भोक लगद्यानें झांकून गाडी दुसऱ्याच्या गळ्यांत बांधतो, तो केवळ पत्रा झांकीत नाहीं. विकत घेणाऱ्याच्या मुलाबाळांपुढचा धोका तो त्यांच्या दृष्टीआड करीत असतो.

म्हणून जाणता कारागीर रंगाकडे शेवटीं पाहतो. तो प्रथम गाडीखालीं जातो व सांगाडा तपासतो, नंतर केबिनच्या बैठका, नंतर तळ व उंबरठे, आणि सर्वांच्या शेवटीं बाहेरचा दर्शनी पत्रा. रंगाखालीं लगदा आहे कीं पोलाद, हें ओळखण्यासाठीं त्याच्या खिशांत फडक्यांत गुंडाळलेला एक लहान लोहचुंबक असतो. जेथें तो चिकटत नाहीं तेथें पत्रा नाहीं असें समजावें. सांगाडाच पोखरलेला असेल तर बाहेरच्या पत्र्यावर खर्च करणें म्हणजे वाळवी लागलेल्या वाशांवर नवीं कौलें घालण्यासारखें आहे. अशा वेळीं गाडीचे चांगले भाग दुसऱ्या गाडीला देऊन तिला रजा देणें, हाच शहाणपणा.

सांगाडा शाबूत असेल तर मग दुरुस्ती कीं बदल, हा विचार येतो. त्याचा ठोकताळा सोपा आहे. जो भाग बोल्टांनीं बसविलेला आहे तो बदलावा. जो झाळून जोडलेला आहे त्याचा कुजलेला अंश कापून तेवढेंच ठिगळ लावावें. त्या जुन्या शेव्हरलेटचीं मडगार्डें, दारें, यंत्रावरचें झांकण, किंबहुना मागचा सबंध हौदासुद्धां बोल्ट सोडवून उतरवितां येतो. अॅरिझोनासारख्या कोरड्या राज्यांतील भंगाराच्या वखारींतून असे भाग उत्तरेकडे येतात. तिकडच्या उन्हानें त्यांचा रंग उडालेला व रबर तडकलेलें असतें, पण पत्रा मात्र साबूत असतो. उंबरठा, केबिनचे कोपरे व तळ यांचे तुकडे मात्र साच्यांत दाबून काढलेले नवे मिळतात. त्यांची जाडी साधारणतः १८ ते २० गेज, म्हणजे १.२ ते ०.९ मिलिमीटर असते. मूळ वळणाशीं ते तंतोतंत जुळतीलच असें नाहीं. यासाठीं नवा तुकडा हातीं येऊन जागेवर लावून पाहिल्याशिवाय जुन्याला कात्री लावूं नये.

प्रत्यक्ष कामांत पहिला नियम आधाराचा. उंबरठा कापला कीं केबिनचा ताठपणा जातो व ती नकळत बसते. मग नवा उंबरठा सुबक बसला तरी दार लागत नाहीं. म्हणून गाडी सपाट जमिनीवर ठेवून दाराच्या चौकटींत तात्पुरता लोखंडी गज झाळून घेतात, एका वेळीं एकच बाजू कापतात, आणि अखेरचा सांधा करण्यापूर्वीं दार टांगून त्याची फट चहूंकडे सारखी आहे ना, हें पाहतात. दुसरा नियम कापण्याचा. भोकाच्या कडेशीं थांबून चालत नाहीं. रंग खरवडीत, गंज घासून काढीत, पूर्ण जाडीचा चकचकीत पत्रा लागेपर्यंत मागें जावें लागतें. येथें अनुभवी मनुष्याचाहि धीर खचतो, कारण बोटभर दिसणारें भोक पाहतां पाहतां वीतभर होतें. परंतु कुजक्या कडेला झाळलेला सांधा टिकत नाहीं. किंबहुना तेथें पत्रा इतका पातळ असतो कीं ज्योत लागतांच तो जळून जातो.

तिसरा नियम झाळण्याचा, आणि त्यांत कौशल्य फार आहे. तापलेला पत्रा पसरतो व निवतांना आक्रसतो. एकाच दमांत सलग सांधा करीत गेलें तर सगळा भाग भाजलेल्या पापडासारखा वेडावांकडा होतो. म्हणून पुठ्ठ्याचा नमुना काढून ठिगळ बेतशीर कापतात, त्याचे कोपरे गोल ठेवतात, आणि प्रथम इंचाइंचाच्या अंतरावर नुसते टांके घेतात. एक या टोंकाला तर दुसरा त्या टोंकाला. मधल्या काळांत पत्रा हातानें शिवतां येईल इतका निवूं देतात. टांक्यांमधली जागा मग हळूहळू भरीत सांधा पूर्ण होतो, व कुरुंदाच्या चाकानें तो सपाट करतात. हातभर लांबीच्या सांध्याला सबंध दुपार लागली तर कारागीर मंद आहे असें कोणी समजूं नये.

या ठिकाणीं लगद्यालाहि न्याय दिला पाहिजे. पूर्वीं सांध्यावरचा खोलगटपणा भरण्यासाठीं ७० भाग शिसें व ३० भाग कथील यांचा मिश्र धातु वापरीत. कल्हईवाला भांड्याला हात देतो तसा पत्र्याला आधीं कथलाचा हात देऊन त्यावर हा मऊ धातु लांकडी पट्टीनें पसरीत. शिशाच्या विषारीपणामुळें तें काम कमी झालें व त्याची जागा राळेच्या लगद्यानें घेतली. शाबूत व स्वच्छ पत्र्यावर, सुमारें तीन मिलिमीटरांच्या आंत, वळण सारखें करण्यापुरता तो वापरला तर त्यांत कांहींच गैर नाहीं. पोलादाचें काम त्याच्याकडून करवून घेणें, ही चूक.

हें काम घरच्या अंगणांत करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत, म्हणून त्यांतील धोकेहि सांगितले पाहिजेत. १९४९ पासून १९७२ पर्यंतच्या बहुतेक शेव्हरलेट पिकअपांत पेट्रोलची टांकी केबिनमध्येंच, बैठकीच्या पाठीशीं असे. म्हणजे गंजणाऱ्या कोपऱ्यांच्या अगदीं शेजारीं. झाळकामापूर्वीं ती काढून दूर नेलीच पाहिजे. रिकामी टांकी निर्धोक, ही समजूत तर फारच वाईट; तिच्यांत उरलेली वाफ पेट्रोलापेक्षांहि लवकर भडकते. विजेच्या बॅटरीच्या तारा सोडवाव्यात, बैठकीचा कापूस-काथ्या बाहेर काढावा, जवळ अग्निशामक ठेवावा आणि काम संपल्यावरहि तासभर लक्ष ठेवावें, कारण ठिणगी पोकळींत दडून राहते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा झाळला तर निघणारा पांढरा धूर हुंगल्यानें थंडी वाजून ताप भरतो. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो, म्हणून त्याची कोरडी भुकटी मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ उडवूं नये.

नवा पत्रा बसला, रंग लागला, म्हणजे काम संपलें असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः निम्मी दुरुस्ती त्यानंतरच व्हावयाची असते, आणि ती आंतल्या बाजूची. झाळतांना आंतील अस्तर जळून गेलेलें असतें, व उघडा पडलेला तो पत्रा जुन्या पत्र्याहूनहि लवकर गंजतो. म्हणून जोडावयाच्या कडांना आधींच जस्ताचें अस्तर देतात, सांध्याच्या फटी बुजवितात, आणि शेवटीं लांब नळीनें पोकळींत मेणाचा किंवा तेलाचा फवारा मारतात. आंत वरवरचा गंज उरला असेल तर त्यावर फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्ल लावण्याची पद्धत आहे. टॅनिक आम्लानें तांबडा गंज काळा होऊन स्थिर होतो. हिरडा आणि हिराकस यांपासून आपल्याकडे जी काळी शाई करीत, तिचा काळेपणा याच जातीच्या संयोगाचा होय. मात्र हा उपचार पातळ गंजापुरताच. गेलेला पत्रा कोणत्याहि शाईनें परत येत नाहीं. आणि हें सर्व करतांना पाणी गळून जाण्याचीं मूळ छिद्रें बुजूं देऊं नयेत. ज्या कारणानें जुना उंबरठा गेला तें कारण तसेंच राहिलें, तर नवाहि त्याच वाटेनें जाणार.

कारखानदारांनींहि या रोगापासून धडा घेतला. पुढील काळांत गाडीचें सबंध अंग अस्तराच्या हौदांत बुडवून विजेच्या साहाय्यानें अस्तर कोपऱ्याकोपऱ्यांत पोंचविण्याची रीत आली, व जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा वापर वाढला. फोर्ड कंपनीनें तर २०१५ च्या नमुन्यापासून आपल्या ‘एफ-१५०’ या पिकअपचें अंगच अॅल्युमिनियमच्या मिश्र धातूचें केलें. त्याला तांबडा गंज चढत नाहीं. पण तो धातु पोलादाला थेट टेकला व मध्यें खारें पाणी आलें, तर तेथें तोहि झिजतो. मिठाशीं पैज लावून सर्वस्वीं जिंकणारा धातु स्वस्त गाडींत अद्याप कोणी घातलेला नाहीं.

तेव्हां जुन्या गाडीच्या मालकाच्या हातीं राहतें तें साधेंच काम. हिवाळा सरतांच गाडीच्या पोटाखालीं, मडगार्डच्या आंत, भरपूर गोड्या पाण्याचा झोत मारून मीठ धुऊन काढावें. चटया उचलून तळ वाळवावा. आणि एक बारीक तार घेऊन दारांचीं व उंबरठ्यांचीं छिद्रें मोकळीं करावीं. या कामाला पैसा लागत नाहीं, एक सकाळ मात्र लागते. ज्या श्रोत्यांचीं घरें समुद्रकांठीं आहेत, त्यांना लोखंडी कपाट, खिडकीचे गज, सायकल यांच्या बाबतींत हीच सकाळ पावसाळ्यानंतर काढावी लागते. तेथें मीठ रस्त्यावरून न येतां वाऱ्याबरोबर येतें, एवढाच फरक. मिशिगनमधील त्या अंगणांत वसंत ऋतूंत जो मनुष्य गुडघे टेकून बसलेला दिसतो, त्यानें मागल्या वर्षीं ती तार घेतली असती तर यंदा त्याला हातोडी घ्यावी लागली नसती. परंतु हातोडी घेतलीच आहे तर बद्द आवाज खरा मानावा, तेवढा भाग कापून काढावा, आणि मगच रंगाच्या डब्याला हात घालावा.